हेरगिरीची सिरीज लिहिताना: खोटं टिकवायला घरात राबतं कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या बडोद्याच्याच एका मुलीने आठ एपिसोडची स्पाय थ्रिलर लिहायला घेतलीये. शहरातला एक लोकल केबल चॅनल रोज सकाळच्या आरतीत छुपा सिग्नल सोडतो, त्याने लोकांची डोकी फिरतात आणि सांगतील तसं वागायला लागतात, मागे परदेशी यंत्रणा आहे. नायिकेचे बाबा त्या यंत्रणेचे जुने माणूस. पाचव्या एपिसोडला माळ्यावरच्या ट्रंकेत तिला तीन पासपोर्ट सापडतात. ज्यांनी वाचलं ते सगळे म्हणतात वेग छान आहे पण पटत नाही, आणि घरातली गोष्ट आणि हेरगिरीची गोष्ट म्हणजे दोन वेगळ्या सिरीज चिकटवल्यासारख्या वाटतात. तर काय करू काका, आणि बाबांचं गुपित कधी उघड करू, असं तिने विचारलंय.

काका म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहितो. मी २३ वर्षं टीव्हीसाठी लिहितोय, त्यातली १७ मुंबईत गेली, आता सहा वर्षं परत बडोद्यात आहे आणि इथूनच लिहून पाठवतो. क्राईम केलं, डेली सोप केले, हेरगिरीच्या दोन सिरीज लिहिल्या त्यातली एक टेलिकास्ट झाली. तू पाठवलेले दोन्ही एपिसोड आणि पुढची वनलाइन, म्हणजे बाकीच्या एपिसोडची थोडक्यात गोष्ट, मी दोनदा वाचली. सीन कुठे तोडायचा हे तुला कळतं आणि ते शिकवून येत नाही, तेव्हा तिकडची काळजी सोड. जे पटत नाही त्याचं कारण एकच आहे आणि ते दोन्ही तक्रारींना लागू पडतं. तुझ्या गोष्टीत खोटं आपोआप चालतं. सिग्नल आपोआप चालतो, बाबांचं गुपित ट्रंकेत आपोआप पडून राहतं. खोटं असं पडून राहत नाही गं, ते दुभत्या जनावरासारखं असतं, रोज कोणाला तरी पहाटे उठून त्याचं करावं लागतं. ते करणारा माणूस तुझ्या गोष्टीत कुठेच नाहीये.

आधी सिग्नलचं बोलू. १९५७ मध्ये अमेरिकेत जेम्स व्हिकरी नावाच्या मार्केटिंगवाल्याने जाहीर केलं की न्यू जर्सीतल्या एका थिएटरात सिनेमा चालू असताना मी पडद्यावर सेकंदाच्या तीन हजाराव्या भागापुरती 'पॉपकॉर्न खा', 'कोका-कोला प्या' अशी वाक्यं चमकवली आणि कोकची विक्री १८ टक्क्यांनी, पॉपकॉर्नची ५७ टक्क्यांनी वाढली. लोक हादरले, सरकारपर्यंत गेलं प्रकरण. आणि १९६२ मध्ये त्यानेच कबूल केलं की हातात डेटा जवळजवळ नव्हताच, कंपनी वाचवायला केलेला प्रकार होता. म्हणजे छुप्या सिग्नलची जी कल्पना आपण सगळे लहानपणापासून ऐकतो तिच्या मुळाशी एक बनावट प्रयोग आहे. पडदा माणसाच्या शरीराला काय करू शकतो याचं खरं उदाहरण जपानचं आहे, १६ डिसेंबर १९९७ ला पोकेमॉनच्या एका एपिसोडमध्ये लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण बारा वेळा लपलपला आणि ६८५ जणांना, बहुतेक मुलंच, हॉस्पिटलला न्यावं लागलं. मुलांना झटके आले, चक्कर आली, उलट्या झाल्या. पण त्यातला एकही पोरगा उठून कोणाचा हुकूम पाळायला गेला नाही. तेव्हा सिग्नल काढून टाक. सायन्स फिक्शन लिहायची असेल तर गोष्ट वेगळी, पण तुझं बाकीचं जग खऱ्या बडोद्याचं आहे, त्यात रावपुऱ्याचं ट्रॅफिक आहे, सेव उसळची गाडी आहे, तिथे तो सिग्नल उपरा वाटतो.

मग माणसं एकदम एकसारखी कशी वागतात? मी पाहिलंय. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार, मी कॉलेजात होतो, आम्ही दांडिया बाजारात राहायचो आणि आमच्याकडे फोन नव्हता. सकाळी खालच्या बेननी हाक मारली, पुण्याहून काकूचा फोन आलाय. आई धावत खाली गेली आणि दोन मिनिटांत वर आली ती सरळ स्वयंपाकघरात, वाटीत दूध घेतलं, चमचा घेतला, ओल्या हातानेच पदर सारखा केला आणि मला म्हणाली चल, गणपती दूध पितोय. देवळात ही रांग. चमचा सोंडेला लावला की दूध खरंच कमी व्हायचं, मी डोळ्यांनी बघितलंय. दुसऱ्या दिवशी पेपरात पृष्ठताण आणि केशाकर्षण सगळं समजावून दिलं होतं, मूर्तीवरून दूध पातळ थराने खाली ओघळतं ते दिसत नाही म्हणून. ते बरोबरच आहे. पण मला लेखक म्हणून जे लक्षात राहिलंय ते वेगळं. आईने टीव्हीवर ऐकून दूध नेलं नाही. तिने काकूचं ऐकून नेलं. काकू एसटीडीचे, म्हणजे परगावच्या फोनचे, पैसे खर्च करून सांगतेय म्हणजे असणारच, एवढाच तिचा हिशेब. आणि देवळातून परत आल्यावर पहिलं काम काय केलं तर बेनच्या फोनवरून माझ्या मावशीला नाशिकला कळवलं, पैसे देऊन. सकाळी दिल्लीकडे सुरू झालेली गोष्ट दिवसभरात देशभर आणि देशाबाहेरही गेली ती अशी, एकेका घरातली एकेक बाई स्वतःचे पैसे आणि स्वतःची पत खर्च करत होती म्हणून.

यात कोणाचं वाईट झालं नाही. पण हाच रस्ता पुढे रक्ताकडे जातो. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे, त्यांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं जमावाने. त्या काळात देशभर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज आणि व्हिडिओ फिरत होते. त्यातला एक गाजलेला व्हिडिओ, मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात, तो मुळात कराचीच्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात की मूल पळवायला एक क्षण पुरतो. कोणीतरी तो शेवटचा तुकडा कापला. बस, एवढंच. एकही फ्रेम खोटी नाही, आवाज खोटा नाही, फक्त शेपूट कापलेलं. त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात फॉरवर्डला पाच चॅटची मर्यादा घातली, म्हणजे कंपनीलाही कळलं होतं की ताकद व्हिडिओत जितकी आहे त्याहून जास्त पुढे पाठवणाऱ्या अंगठ्यात आहे. तू एडिटिंग शिकतेयस असं लिहिलंयस ना, मग हे तुला माझ्यापेक्षा जास्त भिडायला पाहिजे. यावर मी पुढे परत येणार आहे, लक्षात ठेव.

आणि यंत्रणा हे मुद्दाम करते तेव्हा कशी करते तेही बघ. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या पेट्रियट नावाच्या पेपरात एक निनावी पत्र छापून आलं, एका नामांकित अमेरिकन शास्त्रज्ञाचं म्हणून, की एड्स हा रोग अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत तयार केलाय. त्यामागे सोव्हिएत रशियाचं हेरखातं केजीबी होतं. आता गंमत काय करतात, पत्र छापल्यावर दोन वर्षं काही नाही! थेट ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या एका साप्ताहिकाने तीच गोष्ट छापली आणि पुरावा म्हणून बोट कुठे दाखवलं तर दिल्लीच्या पेपराकडे. मग पूर्व जर्मनीतल्या याकोब सेगाल नावाच्या निवृत्त प्राध्यापकाने त्याला शास्त्रीय भाषेचं रूप दिलं, आणि काही वर्षांत ती गोष्ट ८० च्या वर देशांत फिरली. १९९२ मध्ये रशियाच्या हेरखात्याचे प्रमुख प्रिमाकोव्ह यांनी हे आपल्याकडचंच काम होतं असं मान्य केलं. तुझा व्हिलन चौथ्या एपिसोडला म्हणतो चोवीस तासांत शहर माझ्या मुठीत असेल. नाही गं. हे लोक पेरतात आणि थांबतात. दोन वर्षं थांबणारा माणूस चोवीस तासवाल्यापेक्षा कितीतरी जास्त भीतीदायक आहे, आणि लिहायलाही.

आता आपल्या गावाकडे ये, कारण हेर आणि घर एकत्र कसे विणतात याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं मिळालेलं नाही आणि ते आपल्या पायाखाली आहे. १८७४. गादीवर मल्हारराव गायकवाड, रेसिडेन्सीत, म्हणजे इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीच्या बंगल्यात, कर्नल रॉबर्ट फेअर, दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. महाराजांनी लक्ष्मीबाईंशी लग्न केलेलं, त्यांना मुलगा झाला, फेअर ते लग्नही मानायला तयार नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला महाराज व्हाइसरॉयला खलिता पाठवतात की या माणसाला इथून हलवा. आणि ९ नोव्हेंबरला सकाळी फिरून आल्यावर फेअर नेहमीचं पपनसाचं सरबत घेतो, दोन-तीन घोट पितो, कसंतरी होतं, उरलेलं फेकतो आणि मग त्याला पेल्याच्या तळाशी गाळ दिसतो. तपासणीत आर्सेनिक आणि हिऱ्याची पूड निघाली असं सांगितलं गेलं. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक, फेब्रुवारीत कमिशन बसलं, तीन इंग्रज, तीन हिंदी, त्यात ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे वकील आणलेले. निकाल तीनास तीन. इंग्रज सदस्यांना गुन्हा शाबीत वाटला, हिंदी सदस्यांना नाही. तरी एप्रिलमध्ये महाराजांना गादीवरून काढलंच, फक्त कारण गैरकारभाराचं दिलं. मद्रासला नेऊन ठेवलं, तिथेच १८८२ मध्ये गेले.

हे झालं शाळेच्या पुस्तकातलं. आता खाली उतर. साक्षी कोणाच्या झाल्या? रेसिडेन्सीतली आया अमीना, हवालदार रावजी, नरसू जमादार. फेअरच्या टेबलावर काय बोललं जातं ते वाड्यावर पोचवायचं, बदल्यात पैसे घ्यायचे, रात्रीच्या भेटी. तेव्हा गावात डझनभर सरदार होते, वकील होते, दिवाण म्हणून तर खुद्द दादाभाई नौरोजी आलेले, जानेवारीत राजीनामा देऊन गेले. पण सगळा खटला उभा राहिला तो सरबत ठेवणाऱ्या, दार उघडणाऱ्या, पोरं सांभाळणाऱ्या माणसांच्या जिवावर. रावजीच्या पट्ट्यात विषाची पुडी सापडली ती तपास बऱ्याच पुढे गेल्यावर, पोलिसांच्या हाताला, आणि बॅलंटाइनने नेमकं तिथेच बोट ठेवलं की इतके दिवस ती पुडी पट्ट्यातच कशी राहिली. महाराजांचा खासगी कारभारी दामोदरपंत माफीचा साक्षीदार झाला. बघ, पट्टा, पुडी, पेला, हिशेबाची वही. एकही पासपोर्ट नाही.

आणि याच्या मागे घर आहे. मल्हारराव हे खंडेरावांचे भाऊ, भावाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून १८६३ पासून पादरा गावी कैदेत. १८७० च्या नोव्हेंबरात खंडेराव वारले म्हणून हे सुटून गादीवर आले. पण वहिनी, जमनाबाई, तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला तर गादी त्याची. त्या एका बाईच्या बाळंतपणावर सगळं संस्थान टांगलेलं, आणि त्या स्वतः जिवाच्या भीतीने रेसिडेन्सीच्या आसऱ्याला गेलेल्या. १८७१ मध्ये मुलगी झाली, ताराबाई. मल्हारराव सुटले. चार वर्षांनी मल्हाररावांना काढल्यावर त्याच जमनाबाईंनी कवळाण्याहून आणलेला गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि तो आपला सयाजीराव. कमाटीबागेत फिरायला जातेस, विद्यापीठात शिकतेस, त्या सगळ्याच्या मुळाशी ही एका घरातली दीर-भावजयीची गोष्ट आहे. लोकांच्या मनाचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे, ज्यांच्या कारभारावर लोक वैतागले होते त्याच मल्हाररावांच्या बाजूने खटल्याच्या वेळी पुण्या-मुंबईची मतं फिरली, कारण आता तो आपला राजा आणि समोर परका न्यायाधीश असं चित्र झालं. ते फिरवायला सिग्नल लागला नाही.

तू विचारशील, हे सगळं ऐतिहासिक, माझ्या आताच्या अलकापुरीतल्या फ्लॅटमधल्या आई-बाबांचं काय? तर माझ्या घरातलं सांगतो. याआधी हे मी लिहिलेलं नाही.

माझी आजी दर महिन्याच्या पाच तारखेला डभोईला मनीऑर्डर पाठवायची. चाळीस रुपये, नंतर साठ. आम्हाला सांगितलेलं की कुलाचाराच्या गुरुजींचे पैसे आहेत, चुकवले तर घराला लागतं. आजीला गुजराती लिहिता यायचं नाही म्हणून फॉर्म पोस्टमनकाकांकडून भरून घ्यायची, फक्त खालच्या कूपनवर मजकुराची जी दोन बोटं जागा असते तिथे स्वतः लिहायची, दर वेळी तेच, "सर्व क्षेम. औषध चालू ठेवावे." पावत्या देवघराखालच्या पितळी डब्यात, दोऱ्याने बांधून, वर्षावर्षाचा गठ्ठा वेगळा. आणि पोस्टात कोण जायचं, तर मी. पाच वर्षं मी ते पैसे नेऊन भरले, परत येताना मला चार आण्याची गोळी मिळायची. आजोबा गेल्यावरही मनीऑर्डर थांबली नाही, आजीने ती पुढे अकरा वर्षं चालवली, पेन्शनमधून. आजी गेली तेव्हा तेराव्याला डभोईहून एक बाई आल्या, बरोबर माझ्या बाबांच्याच कपाळाचा, बाबांच्याच उभं राहण्याच्या ढबीचा एक माणूस, आणि आईने त्यांना कोणाची ओळख करून न देता सरळ आतल्या पंगतीत बसवलं, बाबांच्या शेजारी. मी रात्री आईला म्हणालो तुम्ही सगळे माझ्याशी खोटं बोललात. आई भांडी पुसत होती, ती थांबलीसुद्धा नाही, म्हणाली, "तू कधी विचारलंस?"

त्या डब्याकडे बघ आता लेखिका म्हणून. आजोबांचं गुपित आजोबांनी सांभाळलं नव्हतं. ते आजीने सांभाळलं, पोस्टमनने सांभाळलं, आईने सांभाळलं आणि काही माहीत नसताना मी सांभाळलं, गोळी घेऊन. फॉरवर्ड करणारा अंगठा आणि पोस्टात जाणारा मी, दोघं एकच काम करत होतो. तुझ्या दोन सिरीजचा सांधा इथे आहे.

तुझ्या स्क्रिप्टमध्ये आई फक्त चहा आणते. मोजलं मी, दोन एपिसोडमध्ये सहा वेळा. तीच बाई सगळं चालवणारी आहे असं धर. बाबा "दिल्लीला ट्रेनिंग" म्हणून जातात तेव्हा ते दिल्लीत नसतात हे तिला माहितीये, कुठे असतात ते माहिती नाही आणि तिने ते विचारायचं सोडून दिलंय. पण ते परत येतात तेव्हा मुलीसाठी आग्र्याचा पेठा आणतात, दर वेळी, मुलगी लहान असल्यापासून. तो पेठा आई आणते. खंडेराव मार्केटजवळच्या दुकानातून, बाबा यायच्या आदल्या दिवशी, आणि डबा बदलून त्यांच्या बॅगेत ठेवते. बाबांनाही सुरुवातीला माहीत नव्हतं, पहिल्यांदा मुलीने बॅग उघडली आणि आनंदाने ओरडली तेव्हा ते बायकोकडे बघतच राहिले, असा एक फ्लॅशबॅक पुढे येऊ दे. नायिकेला ट्रंकेत काही सापडायची गरजच नाही. तिला एकदा पेठ्याच्या डब्याच्या तळाला अर्धवट खरवडलेला गुजराती स्टिकर दिसतो. दुकानाच्या नावातली दोन अक्षरं. ते दुकान तिच्या क्लासच्या रस्त्यावर आहे. हे मी तुला सहज देतोय, वापर, बदल, फेकून दे, पण सापडणारी वस्तू या मापाची पाहिजे.

आणि मुलीला त्या केबल चॅनलमध्ये नोकरी दे. एडिटर म्हणून. आरती सांगणाऱ्या बेन तीन वर्षं रोज सकाळी खरंच बोलतात, कोणाची गाय हरवली, कोणाला कुठलं रक्त पाहिजे, कुठल्या वॉर्डात पाणी उशिरा येणार, आणि ते सगळं खरं निघतं म्हणून शहर त्यांना आपलं मानतं. तीन वर्षं एक शब्द खोटा नाही. मग एक दिवस नायिकेला सांगतात ही क्लिप लांब होतेय, शेवटचे नऊ सेकंद काढ. ती काढते, ड्युरेशनसाठी आपण रोज काढतो तसे, आणि चहा प्यायला जाते. आलं लक्षात? आई घरात स्टिकर खरवडते आणि मुलगी ऑफिसात शेपूट कापते, एकीला माहितीये ती काय करतेय, दुसरीला नाही. त्या नऊ सेकंदांत काय होतं ते प्रेक्षकाला दाखव, सातव्या एपिसोडपर्यंत तिला दाखवू नकोस.

रिव्हील कधी, हा तुझा तिसरा प्रश्न. बाबांचं प्रेक्षकाला दुसऱ्याच्या शेवटी कळू दे, नायिकेला चौथ्याला. पाचव्यापर्यंत ताणलंस की उरलेल्या तीन एपिसोडमध्ये फक्त पळापळ राहते. खरी गोष्ट कळल्यानंतर सुरू होते. अमेरिकेत २७ जून २०१० ला एफबीआयने खोट्या ओळखींवर राहणारे दहा रशियन हेर धरले. त्यातलं एक जोडपं, आंद्रेय बेझ्रुकोव्ह आणि एलेना वाव्हिलोव्हा, बोस्टनच्या शेजारी केंब्रिजमध्ये राहायचं, वारलेल्या कॅनेडियन बाळांच्या नावावर. त्या दिवशी थोरल्या मुलाचा विसावा वाढदिवस होता, घरात साजरा चाललेला आणि दारावर थाप पडली. बारा-तेरा दिवसांत व्हिएन्नाच्या विमानतळावर कैद्यांची अदलाबदल झाली, बातमी संपली. पण धाकट्या मुलाचं कॅनडाचं नागरिकत्व काढून घेतलं होतं ते परत मिळवायला तो कोर्टात लढत राहिला आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल त्याच्या बाजूने लागला तो डिसेंबर २०१९ मध्ये. थाप पडल्यानंतरची ही साडेनऊ वर्षं आहेत बघ. आपण कोण, आपलं आडनाव कोणाचं, हे एका मुलाला वकील लावून ठरवून घ्यावं लागलं.

दुसरं उदाहरण मी जास्त ताणत नाही, पण ते तुझ्या विषयाच्या गाभ्यात आहे. अमेरिकेच्या सीआयए या हेरखात्याचा एमकेअल्ट्रा म्हणून कार्यक्रम होता, १९५३ मध्ये सुरू झालेला, माणसाच्या मनावर ताबा मिळवायचे प्रयोग. त्याच वर्षी फ्रँक ओल्सन नावाच्या, त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या लष्करी शास्त्रज्ञाला न सांगता पेयातून एलएसडी दिलं आणि नऊ दिवसांनी तो न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खिडकीतून पडून मेला. घरच्यांना एलएसडीचं कळलं १९७५ मध्ये, चौकशीचा अहवाल बाहेर आल्यावर, मग राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यांना बोलावून माफी मागितली. मनावर ताबा मिळवायचं औषध त्यांना काही सापडलं नाही. पण बावीस वर्षं एका कुटुंबाला अंधारात ठेवणं जमलं, आणि त्यासाठी लागलं काय, तर ओल्सनचा जुना वरिष्ठ त्याच्या बायकोकडे येत-जात राहिला, विचारपूस करत, घरचाच होऊन. माझ्या अंगावर काटा येतो तो या येण्याजाण्याने. तुझ्या कथेतले ते शेजारचे भट्टकाका, जे दिवाळीला मठियांचा डबा घेऊन येतात, त्यांना मी वाचतानाच बाजूला काढून ठेवलंय. ते नुसते शेजारी नकोत.

बारीकसारीक सांगून टाकतो. पिस्तुलं कमी कर. हेरखात्यातून रिटायर झालेले एक गृहस्थ आमच्या सिरीजला सल्लागार होते, त्यांचं म्हणणं होतं की आयुष्य वाट बघण्यात आणि खर्चाच्या पावत्या लावण्यात जातं, तेव्हा पावत्यांचा एक सीन जरूर घे. खऱ्या यंत्रणेचं नाव घेऊ नकोस, बाबांचा साहेब फक्त "वरचे" म्हणून येऊ दे. भाषा मराठी ठेव पण बाबा फोनवर एकदम गुजराती बोलायला लागतात ती जागा फार चांगली पकडलीस, बडोद्याच्या घरात ते कोणाला खटकणार नाही आणि तोच त्यांचा आडोसा, तिथे हात लावू नकोस. तिसऱ्याचा पाठलाग मांडवीतून न्यायमंदिरापर्यंत आहे तो ठेव, फक्त गणपतीच्या दिवसांत घाल, गर्दी फुकट मिळते आणि प्रॉडक्शनवाल्यांना ते आवडतं.

सगळं परत लिहायला बसू नकोस एकदम, दमशील. आधी एकच सीन लिही, दोन पानांचा. संध्याकाळची वेळ, आई एकटी पेठ्याच्या दुकानात. दुकानदार इतक्या वर्षांत ओळखायला लागलाय, तो सहज विचारतो, बेन, साहेब उद्या येणार वाटतं? ती काय उत्तर देते ते मला वाचायचंय.